नव्वदच्या आतला नवरदेव

जलालुद्दीननं कुलदीपभोवती एक चक्कर मारली, दंड दाबून पाहिला, पाठ थोपटली आणि मान हलवली. खरं तर घोडी बघायला कुलदीप आला होता. तपासणी मात्र त्याचीच चालली होती.

"वजन किती रे बेटा?"

"असंल की पंच्याऐंशी."

घोडी जोरात फुरफुरली.

"बघ, हिला बी पटलं न्हाई," जलालुद्दीन म्हणाला. "माझी शहजादी नव्वदच्या वर पावशेर बी घेत न्हाई. मांडवासमोर फतकल मारून बसली तर मला बोल लावायचा न्हाई. लग्नाच्या सकाळी काट्यावर उभं राहायचं. नव्वदच्या आत असला तर घोडी तुझी. न्हाई तर दोन पाय हायेतच."

कुलदीपनं हो म्हटलं. लग्नाच्या मुहूर्तावर औंढ्यापासून हिंगोलीपर्यंत एक घोडी मोकळी नव्हती. आणि बाळापूरकडच्या तांड्यावरच्या मिनानं साखरपुड्यातच सांगून टाकलं होतं की नवरदेव येईल तर पांढऱ्या घोडीवर, नाहीतर हार तिच्या हातातच राहील. घोडीवाल्याचा नंबरसुद्धा तिनंच दिला होता.

कुलदीप टेम्पोतून हळदीची पोती हिंगोलीच्या मोंढ्यात नेत असे. पोती उतरल्यावर तो हळूच तोलकाट्यावर चढला. पण सोनाजी हमालाला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

"एकशेऽऽ एक!"

असा पुकारा झाला की लिलावातल्या एका व्यापाऱ्यानं बोली लावायला हात वर केला.

कुलदीपनं फोन केला. मिना म्हणाली, "अवो, मंग लागा ना कामाला! मला आकडा रोज कळवायचा." ती नर्सिंग शिकलेली. काय खायचं, किती चालायचं, सगळं तिनं फोनवरच बांधून दिलं.

आणि चमत्कार झाला. चहातली साखर गेली, रात्रीच्या दोन भाकरी गेल्या, आणि दोन-चार दिवसांतच सोनाजी ओरडला, "अठ्ठ्याण्णव!" कुलदीपनं त्याला उचलून गरागरा फिरवलं. टेम्पोचा हॉर्न मोंढ्यापासून औंढ्याजवळच्या त्याच्या तांड्यापर्यंत वाजत गेला. त्या दिवशी वाटेतल्या म्हशी आपणहून बाजूला झाल्या, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी सोनाजीनं आधी काट्याकडं पाहिलं, मग कुलदीपकडं. "साडेनव्याण्णव."

"काटा बिघडला!"

"काट्याला काहून शिव्या देऊन राहिला? रात्री काय हाणलं ते सांग."

"काकाकडं वरणबट्टी होती. दोनच बट्ट्या खाल्ल्या. आन चार पापड. आन लोणचं."

सोनाजी पोत्यावर बसला. "हे बघ गड्या. अवकाळी ढग आले की हेच पोतं रात्रीतून किलोभर चढतं. मंग काय, पोत्यात हळद उगवली? दमट हवेचं पाणी पेलं त्यानं. ऊन पडलं की उतरतं बराबर."

मिनानंही फोनवर तेच सांगितलं, फक्त हसत हसत. "अवो, मीठ पाणी धरून ठेवतं. दीड किलो चरबी एका रात्रीत चढायला तुमाला बट्ट्यांची गाडी खावी लागंल. पहिल्यांदा भराभर उतरलं ना, त्यातबी बरंचसं पाणीच होतं. रोजच्या आकड्यावर नाचू नका अन रडूबी नका. सोमवार सोमवारशी लावून बघा."

पण नाचायचं नाही, हे कुलदीपला कुठून जमणार! काटा अर्धा किलो उतरला की तो शिट्टी वाजवी. पाऊण किलो चढला की तोंड पाडून टेम्पोत बसे. बाप रूपसिंग म्हणायचा, "पोरगं लग्नाला उभं राहिलं का निवडनुकीला? रोज मतमोजणी चालून राहिली."

सोमवार मात्र प्रत्येक वेळी खालीच येई. शहाण्णव. साडेचौऱ्याण्णव. मोंढ्यात आता हळदीच्या भावाच्या आधी कुलदीपचा भाव विचारला जाऊ लागला. तो पहाटे औंढ्याच्या रस्त्यानं इतका झपाझप चाले की एसटीतले लोक खिडकीतून हात करत. विजार सैल झाली. टेम्पोत चढताना लागणारी धाप कुठं गेली, ते त्याला कळलंसुद्धा नाही.

शेवटच्या सोमवारी नव्वद आणि वर दोनशे ग्रॅम. लग्न गुरुवारी. मिनानं फोनवर बजावलं. "उपास बिपास करू नका हां. चाललंय तसंच चालू द्या."

गुरुवारी सकाळी जलालुद्दीन काटा घेऊनच दारात आला. सगळा तांडा गोळा झाला. कुलदीप डोळे मिटून उभा राहिला. रूपसिंगनं वाकून आकडा वाचला, परत वाचला, आणि डोक्यावरचा फेटा आभाळात फेकला.

"एकोणनव्वद आन साडेतीनशे!"

मग काय विचारता! शहजादी अशी नाचली की बँडवाला ताल विसरला. मिनानं हार घातला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कुलदीपला वाटलं, जिंकलो.

लग्नानंतरच्या आठवड्यात दोघं मोटारसायकलवरून नागनाथाच्या दर्शनाला निघाली. औंढ्यात शिरताना वरातीनं रस्ता अडवलेला. पुढं बँड, मधे शहजादी, आणि तिच्यावर हळदीची दोन पोती एकावर एक ठेवावीत असा नवरदेव. घोडी मजेत ठुमकत होती.

कुलदीपनं गाडी लावली आणि गर्दीतून वाट काढत लगाम धरला. मिनाही मागोमाग आली.

"चाचा! हे पाव्हणं किती किलो?"

"एकशे अठरा."

"आन मला नव्वद काहून?"

जलालुद्दीननं त्याच्याकडं पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून मागं बघत त्यानं अदबीनं सलाम केला.

"बेटी, लग्न होईस्तोवर तोंड उघडू नका, असं तूच म्हणली होती. आता तर सांगू ना?"