जड क्लच
यशवंतआप्पांनी आयुष्यभर चाकणच्या एका कंपनीची बस चालवली होती. त्यामुळे आपल्या जुन्या गाडीचा क्लच जड झालाय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मुलगा गणराज त्यांना पुन्हा मोशीच्या गॅरेजमध्ये घेऊन आला. आधी केबल बदलून झाली होती, मग क्लचप्लेट, तरी तक्रार तीच. या वेळी मेकॅनिक रणजीत स्वतः एक चक्कर मारून आला. “आप्पा, क्लच लोण्यावानी मऊ हाय की!” “मग मी काय खोटं बोलतोय व्हय?” आप्पा चिडून गाडीत बसले. गिअर टाकताना करकर आवाज झाला. रणजीतनं वाकून पाहिलं. पेडल अर्ध्यावरच थांबलं होतं, डावा पाय थरथरत होता आणि आप्पा एका हातानं गुडघा खाली रेटत होते. रणजीतनं गणराजला बाजूला घेतलं. “भाऊ, बिघाड गाडीत न्हाई. आप्पांना डॉक्टरला दाखव.” चालता चालता आप्पांच्या डाव्या पायातली चप्पल निसटते, हे गणराजला दिवाळीपासून दिसत होतं. घरी आईनं दारातच विचारलं, “सापडला का बिघाड?” “त्या पोराला काय कळतंय! उद्या दुसरा मेकॅनिक बघू,” पायरीवर पाय ओढत आप्पा म्हणाले. आईनं त्या पायाकडं पाहिलं, मग गणराजकडं. दवाखान्याचं नाव गणराजच्या अगदी ओठांवर आलं होतं. “व्हय आप्पा, बघू की,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला किळस आली.