मास्तरांनी पसंत केलेला लॅपटॉप

“गेम चालणारा नको,” मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले. “शाळेचा दाखवा.”

दुकानातल्या बाईंनी तरीही दोन्ही लॅपटॉप काउंटरवरच राहू दिले. एक चंदेरी, पातळ, अभ्यासापुरता. दुसरा काळा, जाडसर, दोन्ही कामांचा. गेल्या वर्षीचं मॉडेल म्हणून किंमत उतरलेली. फरक फारसा नव्हता, दोन सूटांच्या शिलाईएवढा. मास्तरांची मुलगी काळ्याकडे बघत होती आणि मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे. आज गुरुवारीच यायचं, तेही चारच्या आत, असा हट्ट तिचाच होता.

मास्तर शिंपी. वस्तू डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचे. त्यांनी चंदेरी लॅपटॉप उघडला, मिटला, कडेवरून अंगठा फिरवला. वाढत्या अंगाच्या पोरांचे कपडे शिवताना ते शिवणीत दोन बोटं माया सोडत, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतात. तेच त्यांनी इथेही विचारलं.

“हा पुढे वाढवता येतो का?”

“चंदेरी नाही येत, काका. काळ्यात मेमरी वाढवता येते. आणि त्याचे स्पीकर एकदम खणखणीत आहेत.”

“काय?”

“स्पीकर. आवाज.”

“मग नीट बोला की. आवाज कशाला हवाय? घरात मशीन आहे तेवढं पुरे.”

पस्तीस वर्षं मशीनवर बसून मास्तरांचा डावा कान कामातून गेला होता. हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या मते हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलत.

खेळाशी मात्र त्यांचं जुनं वैर होतं. मोठा मुलगा ऐन परीक्षेच्या महिन्यात कॉम्प्युटरवर खेळत बसायचा. तो शाळेत गेलेला असताना मास्तरांनी एक दिवस कॉम्प्युटर विकून टाकला. वर म्हणाले, आता मशीनवर बस. मुलगा मशीनवर बसला नाही. त्याने परीक्षा दिली, पास झाला आणि घर सोडून गेला. याला तीन वर्षं झाली. कुठल्याशा शहरात काम करतो एवढंच कानावर आलं होतं. नंबर त्याने बदलला होता, नवा मास्तरांकडे नव्हता. ‘त्या खेळानं माझं एक पोर गिळलं,’ असं मास्तर गिऱ्हाइकांनाही सांगत. आपलं काही चुकलं का, हा प्रश्न त्यांनी घडी घालून वरच्या फळीवर टाकला होता. तो अधूनमधून खाली पडे.

“बाबा, एकदा चालवून तर बघू,” मुलगी म्हणाली. “नाही पटला तर चंदेरीच घेऊ.”

इतक्या गरीब आवाजात ती एरवी कधी बोलत नसे. बाईंनी काळा लॅपटॉप सुरू केला. गेम त्यात आधीच होता. मुलीने आपलं नाव घातलं, पुन्हा घड्याळ पाहिलं आणि बापाचा दंड धरून त्याला आपल्या दुसऱ्या बाजूला आणलं.

“तुम्ही इथे उभे राहा. या बाजूला.”

आता मास्तरांचा उजवा कान लॅपटॉपकडे होता.

पडद्यावर दोन शिपाई उगवले. पाठोपाठ आवाज आला.

“आलीस का, बटण? गेल्या गुरुवारी वाट बघता बघता मी दोनदा मेलो.”

मास्तरांचा अंगठा लॅपटॉपच्या कडेवर थांबला. मुलीला बटण म्हणणारा घरात एकच होता.

“मैत्रिणीचा लॅपटॉप बंद पडलाय, दादा,” मुलगी म्हणाली. “बाबा नवीन घेऊन देतायत.”

“बाबा? गेमचा? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं.” तो हसला. दोघे शिपाई भिंतीच्या आडोशाने पळत राहिले. पळता पळताच त्याने विचारलं, “त्यांचा गुडघा कसा आहे? मशीनला मोटर बसवली का, की अजून पायच मारतायत?”

“नाही बसवली.”

“बसवा म्हणावं. माझं नाव नको सांगूस, नाहीतर मुळीच बसवणार नाहीत. ए, सांभाळ, डावीकडून कोणीतरी येतंय.”

मास्तरांनी खरोखरच डावीकडे पाहिलं. त्यांना भडभडून आलं होतं आणि परक्या दुकानात उभं असल्याची लाजही वाटत होती. मुलीने त्यांच्याकडे बघून हळूच माइककडे बोट दाखवलं. मास्तरांनी नको म्हणून मान हलवली. बोलायला गेलो तर हा तेवढाही आवाज बंद होईल, अशी त्यांना धास्ती वाटली. ते काउंटरवर कोपरं टेकून वाकले आणि डाव संपेपर्यंत तसेच राहिले. गुडघा ठणकत होता.

“चल, मला कामावर जायचंय,” आवाज म्हणाला. “पुढच्या गुरुवारी ये.”

पडदा शांत झाला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

“हे फोनवर नाही का बोलता येत तुम्हाला?”

“फोनवर घरचा विषय निघाला की तो गप्प होतो, बाबा. खेळताना विसरतो आणि बोलतो.”

दुकानातल्या बाई इतका वेळ उगाचच बिलाचं पुस्तक चाळत होत्या. त्यांनी मान वर केली. “मग काका, कोणता देऊ? शाळेचा की गेमचा?”

मास्तरांनी चंदेरी लॅपटॉप मिटून बाजूला सारला.

“काळा बांधा. एवढंच सांगा ताई, घरीसुद्धा आवाज असाच मोठा येईल ना? हिच्या आईला जरा कमी ऐकू येतं.”