साहेबांचा रफार

कचेरीच्या फाटकापाशी कॅमेरेवाले ठाण मांडून होते, म्हणून ती आजही मागच्या जिन्यानं वर गेली. तिथेही एकानं गाठलंच.

"मॅडम, आज निळा रंग?"

ती हसली नाही. हसली असती तर संध्याकाळपर्यंत त्याचीच बातमी झाली असती.

भरसभेत गोळी लागून तिचे पती, पक्षाचे साहेब, गेले, त्याला दोन वर्षं झाली होती. पक्षाला ती व्यासपीठावर हवी होती, पांढऱ्या कपड्यांत, साहेबांच्या फोटोशेजारी. पण धमक्या येत होत्या तेव्हा साहेबांनी लिहून ठेवलेलं पत्र कपाटात सापडलं आणि सगळा बेत फिसकटला. शोकसभेत तिनंच ते वाचून दाखवलं होतं. ‘माझ्यामागे रडत बसू नकोस. आईचा आशीर्वाद घे आणि स्वतःच्या पायावर उभी राहा.’ सभा हमसून रडली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पक्ष सांभाळणारा दीर दातओठ खात राहिला. थोरल्या भावाच्या शब्दापुढे जायची त्याची टाप नव्हती. महिन्याभरात ती लग्नाआधीच्या कामाला परत लागली, प्रकाशनाच्या कचेरीत मुद्रितं तपासायला.

आज टेबलावर साहेबांच्याच पत्रांची मुद्रितं होती. लाल पेन भराभर चालला होता. संपादकांनी येऊन तो थांबवला.

"बाई, ‘आर्शिवाद’ दुरुस्त करू नका."

"चूक आहे ती. रफार ‘वा’वर हवा, ‘शि’वर नाही."

"असू दे. आईला, मित्रांना, मतदारांना, सव्वीस पत्रं पाहिली मी. एकातही बरोबर नाही. ती त्यांची सहीच म्हणा ना. डावीकडे मूळ पत्राचा फोटो, उजवीकडे छापील मजकूर, चुकीसकट."

तिनं पेनला टोपण लावलं. "माझ्या हाताला तशी सवयच नाही हो. चूक दिसली की राहवत नाही."

"म्हणून तर तुम्हाला ठेवलंय." संपादक हसले. "आता शेवटचं पत्र तेवढं राहिलं. मूळ कागद लागेल."

तिनं मुद्रितं सारखी केली. "ते घरातलं आहे. मी कुणाला दाखवलं नाही."

"तुमच्या दिरांचा फोन होता. वहिनींना सांगा म्हणाले, दादाचं शेवटचं अक्षर मलाही एकदा डोळे भरून बघू दे. चार वाजता येतायत."

घड्याळात दीड वाजला होता.

"घेऊन येते," ती म्हणाली. तिनं पर्स उचलली.

रस्त्यावर लोक वळून वळून बघत होते. एका बाईनं तर थांबवून हात धरला. "तुमचं ते पत्र मला तोंडपाठ आहे," ती म्हणाली. तिनं हात सोडवून घेतला आणि घराची वाट धरली. त्या कागदावर दिराचा हात पडला तर? हे टेबल, हा लाल पेन, हा निळा रंग, सगळं जाईल आणि उरलेलं आयुष्य त्या फोटोशेजारी बसून काढावं लागेल. तिला खरोखर भीती वाटत होती. साहेब गेले त्या दिवशीही एवढी वाटली नव्हती.

घरी आल्यावर तिनं दोन्ही कड्या लावल्या, पडदे ओढले आणि कपाटातून तो चौघडी घातलेला कागद काढला. निळी शाई, साहेबांचं तिरकं अक्षर. एक-एक ओळ तिनं बोट ठेवून वाचली. मधोमध तो शब्द होता. आशीर्वाद. रफार जिथल्या तिथे.

बराच वेळ ती त्या एका शब्दाकडे बघत राहिली. मग तिनं कागद काडी लावून जाळला, खणातून साहेबांचं लेटरपॅड काढलं, त्यांच्या पेनात निळी शाई भरली आणि त्याच तिरक्या अक्षरात ते पत्र पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं, या वेळी चुकीसकट.