मागे काही राहत नाही

“याला साबण म्हणतात? फेस नाही, वास नाही. नुसतं पाणी विकत आणलंय बाटलीतून,” सासरे खिडकीपाशी बसून पुटपुटले. मांडीवर बोका होता, त्यामुळे हे सगळं बोक्यालाच सांगितल्यासारखं झालं.

सून मशीनसमोर उकिडवी बसली होती. तिला शब्दन्‌शब्द ऐकू आला. घरच तेवढंसं होतं. या खोलीत सुस्कारा सोडला की त्या खोलीतला पडदा हलायचा.

“बाबा, पावडर कपड्यांत तशीच राहत होती. यांची मान बघा की, सोलवटून निघालीय. दुकानदार म्हणाला, हा मागे काही म्हणजे काही ठेवत नाही.”

“त्या निळ्या डब्याचा वास तरी चांगला होता.”

होता खरा. गुलाबाचा. इतका, की जिना चढणाऱ्या परक्या माणसालाही कळावं, यांच्याकडे आज धुणं निघालंय. सासरे सगळ्यांच्या आधी उठायचे, मशीनमध्ये साठवलेल्या कपड्यांत आपली चादर आपणच कोंबायचे, वरून डबा कलता करायचे आणि बटण दाबायचे. शेजारीण म्हणायची, “सासरा मिळावा तर असा!” मग काळ्या पँटींवर पांढरे ओघळ उमटायचे आणि नवरा ऑफिसात मान खाजवत बसायचा. म्हणून ही नवी बाटली. ती सुनेने आपल्या कपाटात ठेवली होती. आज पहिल्यांदाच तिने झाकणभर साबण मोजून घातला होता.

तिने मशीनचं दार उघडून सासऱ्यांची चादर ओढली. चादर पांढरीस्वच्छ होती. आणि त्या चादरीला वास येत होता.

ओला, आंबूस, जुनाट वास. दार उघडायचीच वाट बघत बसल्यासारखा तो अंगावर आला. तिने स्वतःचा कुर्ता हुंगला. त्यालाही. उशीचा अभ्रा हुंगला, ज्यावर ती रोज गाल टेकून झोपायची, आणि तो हातभर लांब धरला.

“कसला गं वास?” नवरा ब्रश तोंडात घेऊनच आला.

“कसला म्हणजे... मशीनचा असेल.”

“मशीनचाच,” सासरे खिडकीपाशी बसूनच घाईघाईने म्हणाले. “त्या रबरात घाण अडकते. बघ, बघ.”

नवऱ्याने दाराभोवतीच्या रबराच्या घडीत बोट घातलं आणि फिरवलं. बाहेर आला तो काळा, बुळबुळीत गाळ. त्यात केस, आणि केसांत गुंतलेला एक पांढरट मऊ गोळा, जो कधीकाळी काय होता ते कुणालाच सांगता आलं नसतं. त्याने ते बोट तिच्या नाकासमोर धरलं, मोती सापडल्यासारखं.

“हे बघ! सडलंय आतून.”

तिने तोंडावर ओढणी दाबली. “दाखवू नका हो! आता दोन दिवस अन्न जाणार नाही मला.”

रबर घासलं. जाळी काढून धुतली. नळी उपसली. चादर पुन्हा लावली, पुन्हा काढली. चादर आता आणखी पांढरी होती. वास जिथल्या तिथे.

मग नवऱ्याची नजर खिडकीकडे गेली, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“हा! हाच मुततोय गादीवर.”

बोक्याचं नाव जावईबापू. घरात मुलगी नव्हती, म्हणून तो मान त्याला मिळाला होता. यायचा, खायचा, लोळायचा, मनासारखं झालं नाही तर रुसायचा. झोपायचा सासऱ्यांच्या पायाशी.

नवऱ्याने कपाटावरची झाकणाची टोपली काढली. “मासळी बाजारामागे सोडून येतो. मजेत राहील लेकाचा.”

सून बघत राहिली. बोक्याचा वास तिला ठाऊक होता; तो मिरचीसारखा नाकात जातो. हा बोका तर उजाडताच खिडकीतून खाली उतरायचा, बांधकामाच्या वाळूत खड्डा करायचा, नीट बुजवायचा आणि पंजे चाटत परत यायचा. नवऱ्यालाही हे ठाऊक होतं. मागच्याच आठवड्यात त्याने बापाच्या गादीखाली प्लास्टिक अंथरलं होतं, “भिंतीची ओल येते” म्हणून. आणि तिनेही मान डोलवली होती. “हो ना, ओलच ती.”

तिला पुन्हा मळमळलं. या खेपेला चादर लांब होती, बादलीत. तीन धडधाकट तोंडं या घरात, आणि सगळी घाण एका मुक्या जनावराच्या माथी. बोल की बये, तिने स्वतःला म्हटलं. आणि ओढणी तोंडावर आणखी घट्ट दाबली.

बोक्याने सासऱ्यांच्या पायजम्यात नख्या रोवल्या. नवऱ्याने एकेक नखी सोडवली. “बाबा, हात काढा.” सासऱ्यांनी हात काढले; ते मांडीच्या वरच, बोक्याएवढं अंतर ठेवून थांबले. टोपलीचं झाकण लागलं. आतून एकदाच, अगदी बारीक आवाज आला.

नवरा दारात चपला शोधू लागला.

“थांब,” सासरे म्हणाले. “काढ त्याला बाहेर.”

“अहो बाबा, पण वास...”

सासरे बादलीतल्या चादरीकडे बघत होते.

“तो वेळेवर जातो रे बाहेर,” ते म्हणाले. “मला जाता येत नाही.”