चाळिसावं बाळ

"मॅडम, चाळीस झाले!" बाळांची वजनं घेणारी ताई ओरडली आणि तिने चक्क टाळी वाजवली.

काट्याला टांगलेल्या झोळीत पाच महिन्यांची छोटी पाय झाडत होती. टाळीच्या आवाजाने ती क्षणभर थबकली, मग हसली. तिला हसताना बघून तिची आईही हसली. सकाळपासून रांगेत बसून तिचा चेहरा सुकला होता, तो एकदम खुलला.

आतल्या खोलीतून मॅडम चष्मा कपाळावर सरकवत धावत आल्या. त्यांनी काट्याची तबकडी वाकून पाहिली, कार्डावरची रेघ पाहिली आणि ताईचा खांदा दाबला. "सुटलो बाई!" म्हणत त्या आल्या तशा आत पळाल्या.

वस्तीतल्या या माता-बाल केंद्राचं सगळं घोडं या चाळीसवर अडलं होतं. पैसे देणाऱ्या ट्रस्टची अटच तशी होती. वस्तीतली, वर्षाच्या आतली, कमी वजनाची निदान चाळीस बाळं दाखवा आणि तीन वर्षांचं अनुदान घ्या. एकोणचाळीस असतील तर तुमच्याकडे गरज नाही, असं धरलं जाणार. अर्ज आज दुपारी बाराच्या आत जायला हवा होता. आणि ताई-मॅडम या दोघींनीच दोन वर्षं दारोदार फिरून, गरोदर बायकांच्या हात धुवून मागे लागून वस्तीतली निम्मी बाळं सुधारून ठेवली होती. चांगलं काम असं अंगाशी येतं. अनुदान हुकलं तर पुढच्या महिन्यापासून नर्स बंद, तपासणी बंद, दोन्ही खोल्यांना कुलूप.

"बघा ताई, मी म्हटलं नव्हतं?" आई छोटीला झोळीतून काढत म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसं दर दोन तासांनी पाजलं. सासूबाईंचं आपलं एकच, तुझं दूध पुरत नाही, वरचं चालू कर. मी नाही ऐकलं. म्हटलं, ताई सांगतात तेच करायचं."

बोलता बोलता तिने नवऱ्याला फोनही लावला. "अहो, वाढलं! मग काय, ताईंनी टाळी वाजवली! चाळिसावा नंबर आलाय वाटतं आपला. थांबा, त्याच सांगतील."

तिने फोन ताईच्या कानाला लावला.

"ताई, लई उपकार झाले," पलीकडून तिचा नवरा म्हणाला. मागे कसलंतरी यंत्र धडधडत होतं. "रोज भांडण होतं हो घरात यावरून. आता आईला सांगतो."

तेव्हा कुठे ताईच्या डोक्यात उजेड पडला. एका बाळाचं वजन घटलं होतं आणि ती टाळी वाजवून मोकळी झाली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हो म्हणावं आणि फोन ठेवून द्यावा, असंही एकदा मनात येऊन गेलं, त्याची आणखी लाज वाटली.

"भाऊ, वजन वाढलं नाही," ती म्हणाली. "शंभर ग्रॅम कमी झालंय. तुमच्या बायकोची काही चूक नाही. माझी चूक झाली."

आईने फोन काढून घेतला आणि बंद केला.

"कमी झालं?"

"हो."

"मग तुम्ही टाळी वाजवलीत कशाला?"

ताईने सांगितलं. ट्रस्ट, अट, चाळीस, बारा वाजता. सगळं खरं होतं.

"म्हणजे छोटी कमी भरली, म्हणून केंद्र चालू राहणार?"

"हो."

आईने छोटीच्या अंगावरचं दुपटं उगाच नीट केलं. ताईने कार्ड पुढे ओढलं आणि त्यात डोकं घातलं. "मधे काही आजारपण झालं का हिला? जुलाब वगैरे?"

"तीन दिवस होते. मी गुरुवारी घेऊन आले होते की."

"इथे?"

"हो. तुम्ही दोघी आत दार लावून फॉर्म भरत होतात. बाहेर झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, आज कोणाला बघणार नाहीत, सोमवारी या."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर ताईला जरा बरं वाटलं असतं. गुरुवारी दिवसभर त्या खरंच फॉर्म भरत होत्या. 'आमच्या कामाचं वेगळेपण' या रकान्यात ताईनेच सांगितलेलं वाक्य मॅडमनी लिहिलं होतं की, आमचं दार कुठल्याही आईसाठी कधीही उघडं असतं. दोघींनाही ते फार आवडलं होतं.

"ताई!" आतून मॅडमची हाक आली. "बाळाचं पूर्ण नाव सांगा हो लवकर. दहा मिनिटं राहिलीत!"

नाव देऊ नकोस, असं ताईने आईला म्हटलं असतं तर इथे येणाऱ्या सगळ्या पोटुशा बायकांचं काय? आणि दे म्हणायला तिला तोंड नव्हतं. ती नुसती कार्डाची कड नखाने खरवडत बसली.

आई उठली. छोटीला खांद्यावर घेऊन ती आतल्या दाराशी गेली आणि छोटीचं नाव, तिच्या बापाचं आणि मग आडनाव असं एकेक अक्षर सुटं करत मोठ्याने सांगितलं, शाळेत नाव घालताना सांगतात तसं. मॅडमनी परत वाचून दाखवलं. तिने बरोबर म्हणून मान हलवली.

मग ती परत येऊन ताईसमोर बसली आणि छोटीला तिच्या मांडीवर ठेवलं.

"तुमचं झालं ना, ताई?" ती म्हणाली. "आता हिचं बघा."