समोरून बघितलं तर

पुनमचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, हलता फोटो मी कळमनुरीत बनवून घेतला. रेघारेघांच्या प्लास्टिकखाली दोन फोटो बारीक चिरून बसवलेत. डावीकडून बघितलं की पुनम खुर्चीत गप बसलेली. उजवीकडून बघितलं की हसून राहिली.

सरळ समोरून बघितलं की खुर्ची रिकामी.

मी तणतणत दुकानात गेलो. "रिकामी खुर्ची काहून घातली?"

वैजनाथकाका म्हणले, "तू दिलेले दोनच घातले. शाळा सोडली तशी मोजणीबी सोडली का?"

घरी आलो. अंगणात डाव्या अंगाला थांबलो. पुनम त्याच खुर्चीत गप बसलेली.

मागून चक्कर मारून उजवीकडं गेलो. हसून राहिली.

परत मागूनच डावीकडं आलो. गप.

"दादा, असा बाजूबाजूनं काहून फिरून राहिला? समोर ये की."