पाच कडुनिंबांचं जंगल

अर्शी जळगावात बसून ऑनलाइन गेमसाठी जंगलं बनवते. पाचच कडुनिंब उलटसुलट फिरवायचे, मागे धुकं सोडायचं. खेळणारा दिवसभर हिंडला तरी अरण्य संपत नाही.

तिचे अब्बा एरंडोलजवळच्या टेकडीवर एका संस्थेच्या रोपांना पाणी घालायचे. उन्हाळाभर टँकर फिरकला नाही, बठ्ठी रोपं जळाली, एकही वाचलं नाही.

"पोरी, परवा वर फोटो पाठवायचेत," संस्थेचा साहेब म्हणाला. "टेकडी बोडकी दिसली तर आधी तुझा बाप घरी बसेल. गेममध्ये जंगल उभं करतेस ना? मग इथंही कर की!"

बापाची नोकरी वाचवायला अर्शीने फोटोतल्या टेकडीवर रान माजवलं. साहेबाच्या गळ्यात हार पडले.

 

आठवड्याभरात अब्बांना कागद आला: "जंगल दाट झालं आहे. पाणी घालणाऱ्याची आता गरज नाही."